पुलाच्या दोन्ही टोकांना रोडगे

अमरावतीहून अकोल्याला निघालेली आमची बस मूर्तिजापूरच्या अलीकडे एका नदीकाठी थांबली.

"उतरा. इथून पायदळ (पायी)," कंडक्टर म्हणाला. "पल्याड दुसरी गाडी हाये."

"का बरं?"

"पूल म्हातारा झाला, मॅडम. तुमाले पेलते, गाडीले नाही."

माझ्या वजनावर एवढा विश्वास घरच्यांनीही कधी दाखवला नाही. मी बॅग उचलली.

नवा पूल हवा, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. भांडण जागेचे होते. अलीकडच्या काठावरचे भाऊसाहेब म्हणत, इथेच बांधा. पलीकडचे दादासाहेब म्हणत, खाली कोसभरावर बांधा. दोघांनी आपापल्या काठावर मांडव घातले होते आणि कर्णे समोरच्या काठाकडे वळवले होते. दोन्हीकडे गोवऱ्यांवर रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) भाजले जात होते. वऱ्हाडात नवस पुरा झाला की रोडग्यांचे जेवण घालतात. मीही अलीकडच्या पंगतीत बसले. शेजारच्या आजींनी तिसरा रोडगा तुपात कुस्करत विचारले, "पूल कुठी हाये? नवस पुरा व्हायच्या आंधीच जेवन?"

वांग्याची भाजी मात्र झणझणीत होती.

पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी सत्तारभाईंचे टिनाचे हॉटेल. तिथली कढी-भजी खायला बसगाड्या थांबतात. पूल खाली गेला तर रस्ताही तिकडे वळणार आणि सत्तारभाईंना गिऱ्हाईक म्हणून फक्त म्हशी उरणार. म्हणून भाऊसाहेबांनी त्यांना मोठ्या भरवशाने माइकसमोर उभे केले.

"सांगा सत्तारभाई, पूल कुठी पाहिजे?"

सत्तारभाईंनी हात पुसले. "खाली."

मांडवातले चावणे थांबले.

"अबे, डोकं फिरलं का? तुह्यं हॉटेल बसन ना!" भाऊसाहेब ओरडले.

"बसू द्या. इथंच बांधाचा तं आंधी हा पाडा लागन. माही पोरगी पल्याडच्या गावात देली हाये, अन् तिचे दिवस भरत आले. रात्री-बेरात्री तिले इकडच्या दवाखान्यात कशी आनू? तुमच्या भाषनावर बसवून?"

पलीकडे दादासाहेबांच्या मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्तारभाई माइक घेऊन तिकडे वळले. "टाळ्या नका वाजवू. तिथं हॉटेलाले जागा देता का, ते बोला."

पलीकडचा कर्णा एकदम खराब झाला.

मी बॅग घेऊन पूल ओलांडला. कठड्याला हात लावला तर चुन्याचा पोपडा हातात आला, तो कुणाला दिसायच्या आत नदीत टाकला. पलीकडेही आग्रहाने दोन रोडगे वाढले. मी कुठल्याच पक्षाचा अपमान केला नाही.

चार दिवसांनी अकोल्याहून परतताना पुन्हा पायपीट. मांडव गेले होते, निर्णय झालेला नव्हता. हॉटेलात सत्तारभाईंच्या पत्नी भजी तळत होत्या.

"पोरगी कशी आहे?" मी विचारले.

"आनली ना इकडं. त्यायनं कालच खाटेसगट पुलावरून आनली."

"आणि ते कुठे आहेत?"

त्यांनी झाऱ्यानेच खाली नदीकाठाकडे दाखवले. काटेरी बाभळींत धूर दिसत होता. "चूल मांडून बसले तिथं. म्हंते, पूल येवो का न येवो, जागा पाहाले सायेब लोक तं येतच राह्यतीन. त्यायले चहा लागते."

घरी सगळ्यांनी विचारले, नव्या पुलाचे काम कुठवर आले? मी खरे तेच सांगितले: चूल पेटली आहे.