शेवटी विमान कोणाच्या हातात होतं

आधीच सांगते, मी या प्रकारांवर विश्वास ठेवणारी नाही. माझे वडील गोदाघाटावर श्राद्धविधी सांगायचे. आज कोणाच्या पिंडाला कावळा शिवला आणि कोणाच्या नाही, हे आमच्याकडे जेवताना बोललं जायचं... त्यामुळे मेलेल्या माणसांची भीती मला कधी वाटली नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं भुताखेतांचं माझ्याकडे काही खपलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांची, नाशिकजवळच्या एका फ्लाइंग क्लबमध्ये पायलटचं ट्रेनिंग घेत होते. (क्लब कधीच बंद झाला, नाव लिहीत नाही.) दोन सीटचं छोटं विमान – डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे शिकवणारे सर. दोघांसमोर गाडीच्या स्टिअरिंगसारखं एकेक चाक, पुढे ढकललं की विमानाचं नाक खाली जातं, मागे ओढलं की वर. दोन्ही चाकं आतून जोडलेली, एक हललं की दुसरं हलणार. म्हणून पहिला नियम असा, की विमान एका वेळी एकाच्याच हातात. सर "आय हॅव कंट्रोल" म्हणाले की आपण "यू हॅव कंट्रोल" म्हणायचं आणि हात काढायचे.

आमचे सर याबाबतीत फार कडक. हात नुसते काढून चालायचं नाही, मांडीवर ठेवायचे, तळवे वर. आणि नजर समोर. चुकून त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणायचे, "माझ्याकडे काय बघतेस? विमान माझ्या तोंडावर उतरवायचंय का?" साठीच्या घरातले, बोलायला तिरके, पण आमच्यावर जीव. क्लबजवळच राहायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आम्हा सगळ्यांना पोहे खायला बोलवायच्या.

फेब्रुवारीतली सकाळ, आठ वाजत आले असतील. सिन्नरच्या बाजूला वळणांचा सराव करून आम्ही परत निघालो. धावपट्टी दिसायला लागली तेव्हा मी विचारलं, "सर, उतरायला सुरुवात करू?" उत्तर नाही. परत विचारलं. मग पाहिलं... सरांची मान खांद्यावर कलली होती. डोळे अर्धवट उघडे, दोन्ही हात मांडीत सैल पडलेले. मी एका हाताने त्यांना हलवलं, गालावर थापट्या मारल्या. कातडी घामाने गार झाली होती आणि श्वास चालू असल्याचं कुठेच दिसत नव्हतं.

तोवर मी एकदाही एकटीने विमान उतरवलेलं नव्हतं. रेडिओवर सांगितलं. खालच्या माणसाने धीर दिला, पण धीर देण्यापलीकडे तो तरी काय करणार? घाबरून मी वेग फारच कमी केला, इतका की विमान हवेत तरंगेना. धावपट्टीच्या अलीकडे फ्लॉवरचे मळे होते. त्यांच्यावर आल्यावर विमान थरथरायला लागलं, डावा पंख खाली जायला लागला. आता आपण मरणार, हे मला अगदी स्वच्छ कळलं.

आणि हेडफोनमध्ये आवाज आला – "आय हॅव कंट्रोल."

सरांचाच. चढलेला नाही, नेहमीसारखा, जरा कंटाळलेला.

मी काय केलं असेल? सवयीने "यू हॅव कंट्रोल" म्हणाले आणि हात मांडीवर ठेवले. तळवे वर. पाच मिनिटांपूर्वी ज्या माणसाचा श्वास थांबलेला पाहिला, त्याच्या हाती विमान दिलं. सरांच्या हाताखाली शिकलेल्यांशिवाय हा वेडेपणा दुसरं कोणी करणार नाही. नजर समोर होती, त्यामुळे मला दिसलं ते एवढंच, की माझ्यासमोरचं चाक आधी पुढे गेलं, मग अगदी सावकाश मागे आलं... पंख सरळ झाला. विमानाची खालची चाकं मळ्यातल्या ओल्या मातीत रुतली, विमान नाकावर आपटलं. पुढचं आठवत नाही.

माझं खांद्याजवळचं हाड मोडलं, बस. सर गेले.

ज्यांच्या मळ्यात आम्ही पडलो ते शेतकरी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला आले. त्यांनी आणि त्यांच्या भावानेच आम्हाला बाहेर काढलं होतं.

"ताई, तुम्ही हात मांडीवर ठिऊन बसल्या व्हत्या, जेवायला बसल्यावानी," ते म्हणाले. "साहेबांचे हात मातर त्या चाकावरनं सुटंनात. येकेक बोट सोडवलं आम्ही. लय जोर लागला."

डॉक्टरांनी माझ्या वडिलांना वेगळंच सांगितलं. सरांना जखमा झाल्यात, पण त्यांतून रक्त आलेलं नाही. म्हणजे आपटायच्या आधीच हृदय बंद पडलेलं होतं.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "जमिनीला टेकताना विमान कोणाच्या हातात होतं?" सरांच्या असं मी म्हणाले असते, तर एकतर मला वेडी ठरवलं असतं, नाहीतर आजारी माणसाने विमान धावपट्टीअलीकडे आपटलं असं सरांच्या नावावर लागलं असतं. मी म्हणाले, "माझ्या." खाली सही केली. मग माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक झालं, माझ्या जुन्या शाळेने बोलावून शाल-श्रीफळ दिलं. ती शाल मी कधी पांघरली नाही. मला लाज वाटायची. विमानही सोडलं, पुढे बँकेत लागले.

काकूंकडे दरवर्षी जायचे, पण हा विषय टाळायचे. सात-आठ वर्षांनी एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. काकू आपणहून म्हणाल्या, "गेले त्याचं काय गं, सगळ्यांनाच जायचंय. पण तुला अशी अर्ध्यात टाकून गेले, ते मला फार लागतं. पोर एकटी होती वर."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं... आवाज, चाक, शेतकऱ्यांनी सोडवलेली बोटं. वाटलं, रडतील किंवा चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "तू पाहिलंस त्यांच्याकडे?"

"नाही, काकू. एकदा तरी पाहायला हवं होतं."

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाल्या, "नाही पाहिलंस तेच बरं. पाहिलं असतंस, तर तू परत चाकाला हात घातला असतास."

काकू मागच्या वर्षी गेल्या, म्हणून आज लिहितेय. मरताना बोटं आवळली जातात, भीतीने भास होतात – हे लोकांनी मला सांगून झालंय, मीही स्वतःला सांगून पाहिलंय. पण ते चाक कोणी ओढलं, याचं उत्तर त्यात नाही आणि माझ्याकडेही नाही. चौकशीच्या कागदावर अजून माझंच नाव आहे. ते चूक आहे, एवढं मला माहीत आहे.