पायाखालचं आभाळ

कर्नाटकात, ठाणाकुशनूरच्या पुढं, जिथून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर राहते, तिथल्या एका गावात मंगल मराठी शाळेत शिकवायची. स्कूटीवरून यायची. दिवाळी सरली की वाटेच्या दोन्ही अंगांना तूर फुलावर यायची आणि त्या पिवळ्या उजेडातून जाताना तिला वाटायचं, शाळा आणखी थोडी लांब असती तरी चाललं असतं.

घरी वडील खाटेवर होते. गुंडेराव. उन्हाळ्यात लकवा मारून गेला तेव्हापासून उजवं अंग निकामी झालं आणि जीभ जड पडली. उदगीरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "त्यांना बोलतं ठेवा." पण गुंडेराव बोलायचेच नाहीत. शब्द अर्धा फुटायचा, समोरचा माणूस "काय म्हणालात?" असं विचारायचा, आणि ते तोंड भिंतीकडं फिरवायचे.

मंगलच्या मोबाईलमध्ये शाळेची बरीच ॲप होती. हजेरीचं एक, पुस्तकातल्या चौकोनी कोडवर धरलं की धडा बोलून दाखवणारं एक, पोरांचं वाचन ऐकून चूक सांगणारं एक. प्रशिक्षणात सांगितली म्हणून तिनं ती घेतलेली. उपयोग व्हायचा, पण जीव नव्हता रमत.

एका दुपारी भाग्यलक्ष्मीनं हात वर केला. धनगराची पोर, घरी आता मेंढरं राहिली नव्हती, आईबाप मजुरीला जायचे. तिनं विचारलं, "बाई, दिवसा चांदण्या कुठं जात्यात?"

"कुठंच जात न्हाईत. उजेडामुळं दिसत न्हाईत."

"मग हायत कशावरून?"

मंगल घरी गेली आणि शोधत बसली. आभाळ दाखवणारं एक ॲप तिला सापडलं. मोबाईल जिकडं धरावा तिकडचे तारे त्यात उमटायचे, ऊन असो की ढग. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं मोबाईल छताकडं धरला. पोरं भोवती गोळा झाली. पत्र्यापलीकडं, भर उन्हापलीकडं, निळ्याकाळ्या आभाळात चांदण्या सावकाश सरकत होत्या. मग मोबाईल हातोहात फिरत भाग्यलक्ष्मीकडं आला आणि तिनं तो चुकून खाली धरला.

"बाई, फरशीखाली बी चांदण्या हायत."

खरंच होत्या. तीन तारे एका ओळीत, भोवती चार, थेट तिच्या पायांखाली. मंगलनं सांगितलं, पृथ्वी गोल आहे, आभाळ तिच्या चारी अंगांनी आहे. या चांदण्या आत्ता पलीकडच्या बाजूच्या माणसांच्या डोक्यावर आहेत. पोरं एकेक करून पालथी झोपली आणि फरशीला गाल लावून बघत राहिली. त्या दिवशी पाढे राहून गेले.

रविवारी सकाळी मंगल वडिलांच्या उशाशी बसली. गुंडेरावांनी जन्म रानात काढला होता. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखणीला जायचे, उघड्यावर झोपायचे. आता महिनोन् महिने त्यांच्या डोळ्यांपुढं एक पत्राच होता.

"अप्पा, हे बघा," म्हणत तिनं मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि उत्तरेकडं, सप्तर्षींवर वळवला.

ते बघत राहिले. डावा हात उचलून काचेवर बोट टेकवलं. ओठ हलले.

"बा... बाज."

"काय म्हणालात?" तोंडून गेलं आणि तिला वाटलं, आता भिंतीकडं वळतील. पण ते वळले नाहीत. त्यांनी परत म्हटलं, "बाज. म्हा-तारीची." मग थांबत थांबत, घास गिळावा तसा एकेक शब्द काढत सांगितलं, की हे चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, आणि मागं लागलेत ते तीन चोर. म्हातारी झोपत नाही, म्हणून चोरांना बाज नेता येत नाही.

चुलीपुढं बसलेली भागाबाई, मंगलची आई, भाकरी थापायची थांबली. तव्यावरची करपली तरी तिला कळलं नाही.

मंगलनं विचारलं, "अप्पा, हे माझ्या पोरांना सांगता का? मी मोबाईलमध्ये भरून घेते."

"हसतील."

"हसू द्या की."

सोमवारी वर्गात तिनं आवाज लावला. एकजण हसला खरा. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "गप रे. बाई, परत लावा." तीनदा ऐकल्यावर पोरांना सगळं कळायला लागलं, मग तर बाजेच्या गोष्टीत चोर कामून थकत न्हाईत, म्हातारी जेवते कवा, असे प्रश्न निघाले. मंगलनं ते पोरांच्याच आवाजात भरून घरी नेले.

असं येणं-जाणं सुरू झालं. पोरांचे प्रश्न संध्याकाळी घरी जायचे, गुंडेरावांचं उत्तर सकाळी स्कूटीवरून शाळेत यायचं. फरशीखाली दिसलेल्या तीन ताऱ्यांच्या ओळीचं नाव 'तिकांडं' हे त्यांच्या जिभेला काही केल्या जमेना. एकदा मंगल घरी आली तर भागाबाई दारातच म्हणाली, "सकाळधरनं एकलेच बोलायलेत. तिकांडं, तिकांडं. शेजारची रूपा इचारायलती, कुणाला हाका मारायलेत म्हणून."

शिमग्याच्या सुमारास ते कोणालाही समजेल असं बोलू लागले. पाय मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, तो यायचा नाही. गुंडेरावांनी ते ऐकून घेतलं आणि मंगलला विचारलं, "आज पोरांनी काय धाडलंय?"

भाग्यलक्ष्मीचा प्रश्न होता. "आबा, फरशीखालच्या चांदण्या तिकडच्या लेकरांच्या डोक्यावर असत्यात म्हणं. मग त्या लेकरांच्या पायाखाली कोण हाय?"

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती, पत्रा उन्हानं तडतडत होता. गुंडेरावांनी मोबाईल जवळ मागितला.

"आपून हाव, माय," ते म्हणाले. "तू हायस, मी हाव, आपली तूर बी हाय. त्यांनी मोबाईल खाली धरला की आपल्या वरचंच आभाळ दिसत आसंल त्यास्नी."

मंगलनं हे वर्गात लावलं. पाणी प्यायला उठलेल्या प्रेरणा नावाच्या पोरीनं फरशीवर पाय जरा हलकेच टाकला. मग दुसऱ्यानंही. मंगलनं पाहिलं आणि फळ्याकडं वळून भूगोलाचा धडा काढला.