लावीच्या डोळ्यातली सुई

पाखराच्या डोळ्यात उजेड शिरला, की आतले इलेक्ट्रॉन त्याला उत्तर-दक्षिण दाखवत असावेत, असं परवा वाचलं आणि मी ताडकन उठलो. अहो, निजामी संपली त्या सुमारास चुडाव्याच्या स्टेशनावर एका मेंढपाळानं मला हेच सांगितलं होतं!

त्याच्या पिंजऱ्यातली लावी, मूठभर रानपाखरू, सारखी एकाच बाजूला धडका मारत होती. शाळेसाठी नेत असलेलं होकायंत्र मी फलाटावर ठेवलं. सुईही तिकडंच! त्यानं पिंजऱ्यावर घोंगडी टाकली. आतून चारी बाजूंना धडका ऐकू आल्या; घोंगडी काढताच लावी पुन्हा उत्तरेकडं वळली.

"तिची सुई डोळ्यात हाय, गुरुजी. उजेडाबिगर चालत न्हाई."

दिशेला उजेड कशाला? मी हसलो.

"मंग तिलाच इचारा," म्हणत त्यानं दार उघडलं.

विकायला आणलेली लावी नीट उत्तरेला उडाली. तो तिच्याकडं बघतच नव्हता. त्याचं बोट माझ्या सुईवर होतं.