गडबच्या सभेत अवी खरं बोलला

अवी गेल्याचं कळलं तेव्हा मी पेणच्या रामवाडीत दाढी करून घेत होतो. रोह्याहून त्याच्या बायकोचा, नीलावहिनींचा फोन. "भावजी, सकाळी यांनी चहा मागितला... मी घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं." न्हाव्याने विचारलं, कोण गेलं? मी नाव सांगितलं. "म्हणजे टीव्हीवरचे डॉक्टर?" त्याचा वस्तरा तसाच थांबला.

लोकांसाठी तो शेवटपर्यंत डॉक्टरच होता. पेणच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा अवी एका मालिकेत वर्षानुवर्षं रुग्णांना धीर देत राहिला आणि त्या आवाजावरच पुढे पक्षाने त्याला आमदार म्हणून निवडून आणलं. मी मराठीचा मास्तर, त्याची भाषणं मी लिहायचो. पेणजवळच्या गडब गावात खाडीचा बांध फुटून शेतांत खारं पाणी शिरलं, तेव्हा "पुढच्या पावसाआधी बांध उभा राहील, हा माझा शब्द" हे त्याने तिथल्या सभेत म्हटलेलं वाक्य माझंच. कामाला मंजुरी नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वर्षाने तिथेच पुन्हा सभा. बांध तसाच. अवी बोलायला उभा राहिला आणि पुढ्यात बसलेली एक म्हातारी उठली.

"बाबा, टीवीवर पन तू असाच बोलायचास. आमचं दुसरं पीक गेलं. बांध कवा व्हनार, तेवढं सांग."

अवीने माझा कागद घडी करून खिशात ठेवला. "नाय व्हनार, आजी. मंजुरीच नाय. गेल्या साली पण नव्हती. मी खोटं बोललो."

कुणीतरी माइक बंद केला. मी मंचामागे होतो. ते खोटं मी लिहिलंय, असं म्हणायला पुढे आलो नाही...

पक्षाने त्याला पुन्हा उभं केलं नाही. मालिकावाले तर केव्हाच विसरले होते. तो रोह्याला, वहिनींच्या माहेरी राहायला गेला. गडबने त्याला माफ केलं असंही नाही. तो दिसला की बायका तोंड फिरवायच्या. तरी दर मंगळवारी त्या म्हातारीचा बांधासाठीचा अर्ज घेऊन तो पेणच्या कचेरीत येऊन बसायचा. म्हातारी वारली, तरी येत राहिला. "आता कुणासाठी?" मी एकदा विचारलं. म्हणाला, "पाणी अजून येतंय ना रे."

तेराव्यानंतरच्या मंगळवारी वहिनींनी दिलेला तो अर्ज घेऊन मी गेलो. कारकुनाने मान वर न करताच खिडकीजवळची खुर्ची पुढे सरकवली. "बसा डॉक्टर, साहेब मीटिंगमध्ये आहेत." मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी अर्ज हातात धरून उभाच राहिलो. त्या खुर्चीत मला बसवेना.