अल्पाकांची राखण, दोन पिल्लं आणि आमची आई

न्यूझीलंडला लेकीकडे आलेल्या आईवडिलांना एक ठरलेली सहल करावीच लागते. क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, तेकापोचं निळं तळं, आणि रोज संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर वीस फोटो. माझ्या आईने या सहलीला साफ नकार दिला. बसमधून उतरायचं, अहाहा म्हणायचं आणि परत बसमध्ये चढायचं, हे तिला जमणारं नव्हतं. ती नाशिकला बालवाडी चालवून निवृत्त झाली आहे आणि रिकामं बसणं तिच्या स्वभावात नाही. क्राइस्टचर्चमधल्या रिकार्टनच्या आमच्या घरातली कपाटं लावून झाली होती, मसाल्याच्या डब्यांना लेबलं लागली होती, आणि आता ती माझ्या नवऱ्याच्या गॅरेजकडे बघायला लागली होती. तिला लवकरात लवकर घराबाहेर काढणं भाग होतं.

मी इथल्या एका क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट आहे. जानेवारीत दहा दिवसांची रजा मिळाली आणि त्याच सुमारास जेराल्डीनजवळच्या एका अल्पाका फार्मची जाहिरात दिसली. रोज चार तास काम करायचं, त्याबदल्यात राहणं आणि जेवण फुकट. कामांमध्ये एक काम होतं, राखणीच्या कुत्र्यांच्या पिल्लांना वाढवायला मदत. मी आईला वाचून दाखवलं. पिल्लं म्हणजे बालवाडीच की, असं म्हणून ती बॅग भरायला उठली. बॅगेत कणीक आणि तुपाची बरणी होती, हे मला फार उशिरा कळलं.

क्राइस्टचर्चहून जेराल्डीन दोन तासांच्या आत येतं. हायवे वनने सरळ दक्षिणेला जायचं, रकायाचा न संपणारा पूल ओलांडायचा, ॲशबर्टनला पेट्रोल भरून घ्यायचं आणि रंगिताता नदीनंतर उजवीकडे डोंगरांकडे वळायचं. कँटरबरीचा हा रस्ता इतका सरळ आहे की ड्रायव्हरला झोप येते, तेव्हा बोलका माणूस सोबत न्यावा. माझ्याकडे तो होताच. जेराल्डीनच्या बेकरीत आम्ही एकेक पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली इथली जाडजूड कचोरीच, खाल्ला, आठ-नऊ डॉलरला पोटभर होतो. आईने व्हेजिटेबल पाय खाऊन त्यात मिरची घालायला हवी होती असा निकाल दिला. पुढचा वीस मिनिटांचा रस्ता खडीचा आहे. छोटी गाडी चालते, फक्त हळू न्या. आणि जँडल्सवर, म्हणजे इथल्या रबरी चपलांवर, जाऊ नका, गमबूट लागतात. आईला जेराल्डीनच्या सेकंडहँड दुकानात लाल गमबूट मिळाले. साडीवाली बाई आता पंजाबी ड्रेस आणि लाल गमबुटात कशी दिसते ते बघायला माझा भाऊ हवा होता.

फार्मची मालकीण जोआन, वय पासष्टच्या आसपास, बोलणं कमी आणि चालणं भराभर. तिने फाटकातच आमचे बूट धुऊन घेतले, दुसऱ्या फार्मवरची माती आत यायला नको म्हणून. मग चहा आणि मग अल्पाका. ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, उंटाच्या गोतावळ्यातला, पण छोटा, लोकरीसाठी पाळलेला. नुकतीच कातरणी झाल्यामुळे सगळ्यांच्या डोक्यावर केसांचा झुपका आणि खाली काडीसारखी मान. दिवसभर ते हलक्या आवाजात हुंकार देत असतात. आईला त्यांची एक गोष्ट भलतीच आवडली. सगळा कळप शी करायला कुरणातल्या एकाच ठरलेल्या जागी जातो. एवढी शिस्त आपल्याला पोरांना लावायला सहा महिने लागायचे, असं ती कौतुकाने म्हणाली.

पिल्लं दोन होती, पाच महिन्यांची, मरेम्मा या राखणदार कुत्र्यांच्या जातीची, पांढरीशुभ्र आणि पंजे मोठाले. बहीण रिमू, भाऊ काउरी. या देशात वाघ-लांडगे नाहीत, मग राखण कोणापासून, असं मी विचारलं. भटक्या कुत्र्यांपासून, जोआन म्हणाली. तिची म्हातारी राखणदार कुत्री गेल्या हिवाळ्यात गेली आणि त्यानंतर पंधरा दिवसांतच कुठूनशा आलेल्या कुत्र्यांनी तिच्या तीन अल्पाकांचा जीव घेतला. आता मादी अल्पाकांचे बाळंतपणाचे दिवस होते. ही दोन पिल्लं तयार झाली नाहीत तर कळप विकायचा, असं तिने ठरवलं होतं. एकाने भागत नाही. एक कुत्रा धावून जातो, तेव्हा दुसऱ्याने कळपापाशी थांबायचं असतं.

तयार करायचं म्हणजे काय, तर फारसं काही करायचं नाही. पिल्लांनी अल्पाकांमध्ये राहायचं, अल्पाकांमध्ये झोपायचं, त्यांनाच आपलं कुटुंब समजायचं. माणसाने कुरणात जावं, कोपऱ्यातल्या जाळीच्या आवारात त्यांचं खाणं ठेवावं, पाणी बदलावं, एकदा पाठ थोपटावी आणि निघून यावं. फाटकाशी लाड करायचे नाहीत, हाका मारायच्या नाहीत, हाताने भरवायचं तर मुळीच नाही. आईने मान डोलावली. मराठी आईने खाण्याच्या बाबतीत मान डोलावली तर त्यावर विश्वास ठेवू नये, हे मला वयाच्या चाळिशीत तरी कळायला हवं होतं.

पहिले दोन-तीन दिवस सुखात गेले. सकाळी मी शेण भरायचे, पाण्याची टाकी घासायचे, दुपारी डोंगर बघत आळसावून पडायचे. आई जोआनच्या स्वयंपाकघरात रमली होती. जोआनला तिने पोळ्या लाटायला शिकवल्या आणि जोआनने तिला लोकर निवडायला. आणि रोज चहाच्या वेळी आई "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून फाटकाकडे जायची.

चौथ्या दिवशी रिमू कुंपणाखालून उकरून बाहेर आली आणि व्हरांड्यात आईच्या लाल गमबुटांवर डोकं ठेवून झोपली. तिला परत कुरणात सोडलं तर अर्ध्या तासात पुन्हा हजर. अल्पाकांकडे पाठ आणि घराच्या दाराकडे तोंड. जोआनला काही उमजेना, मला मात्र रिमूच्या मिशांना लागलेलं तूप दिसलं. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, थोडीशीच पोळी गं, त्या कोरड्या गोळ्यांवर वाढत्या वयाचं पोर कसं जगणार? काउरीलाही दिली होती, पण त्याने नुसती हुंगली आणि तो परत गेला. रिमू खादाड निघाली.

जोआन चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने चहा ओतला आणि आईसमोर बसून शांतपणे सांगितलं, मी ते आईला मराठीत सांगितलं. "कुत्री गोड आहे. पण आता ती तुमची झालीये, अल्पाकांची राहिली नाही." टिमारूला जोआनची एक मैत्रीण होती, तिला घरात पाळायला कुत्रा हवाच होता. ती शनिवारी दुपारी येणार होती. तोपर्यंत काही फरक पडला तर ठीक, नाहीतर रिमूला ती घेऊन जाईल.

आईचं तोंड एवढंसं झालं. ती जेवायलाही नीट बसली नाही. मला तिचा राग आला होता, पण तिला असं बघून तो टिकलाही नाही. जिने आयुष्यभर लोकांची पोरं रुळवली तिच्या हातून एक पिल्लू बिघडलं होतं, आणि ते बिघडलं म्हणून या बाईचा कळप जाणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई जोआनची वाट बघत टेबलाशी बसलेली. मला म्हणाली, मी सांगते ते तिला नीट समजावून सांग.

"जूनमध्ये आईबाप पोरं आणून सोडायचे ना, तेव्हा मी त्यांच्या आयांना हाकलायचे. निघा म्हणायचे, खिडकीत उभ्या राहू नका. पोर गप्प होतं, खिडकीत आई दिसली की पुन्हा भोकाड पसरतं. मृणाल, इथे खिडकीत मीच उभी आहे."

मग तिने तिची रीत सांगितली. रडणाऱ्या पोराला ती कधी कडेवर घ्यायची नाही. ते बाईंना चिकटतं. त्याच्या भावंडाशेजारीही बसवायची नाही, दोघं आपसातच खेळतात. एखादं शांत, थोडं मोठं पोर बघून त्याच्या शेजारी बसवायचं आणि आपण लांब जायचं. जोआनने सगळं ऐकलं. पिल्लं दोघं मिळून फार मस्ती करतात आणि अल्पाका त्यांच्यापासून लांब पळतात, हे तिच्याही डोक्यात होतं. आईचं संपल्यावर ती म्हणाली, "पर्ल."

पर्ल ही कळपातली सगळ्यात जुनी मादी, पोटुशी आणि खाष्ट. माझ्यावर ती दोनदा थुंकली होती, तीही अगदी नेम धरून. पण ती कशाला घाबरत नसे. आम्ही कुंपणाखालच्या फटी दगडांनी बुजवल्या, कुरणाचा एक भाग जाळीने वेगळा केला आणि त्यात पर्ल, तिच्या दोन मैत्रिणी आणि रिमूला सोडलं. काउरी बाकीच्या कळपाबरोबर पलीकडे. रिमूचं खाणं मीच ठेवायचं ठरलं, आणि तिच्याकडे न बघता परत यायचं.

आईने कुरणाकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि लोकरीच्या शेडमध्ये जाऊन बसली. रिमू फाटकाशी रडत होती, शेडपर्यंत ऐकू येत होतं. आईचे डोळे भरून आले होते आणि हात लोकर निवडत होते. जाऊन एकदा नुसतं बघून ये म्हटलं, तर माझ्यावरच ओरडली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बालवाडीच्या पहिल्या दिवशी तिने मला दुसऱ्या बाईंच्या वर्गात का टाकलं होतं.

रडणं एक दिवस चाललं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं आणि मग थांबलं. मी पाणी बदलायला गेले तेव्हा रिमू पर्लपासून चार हातांवर पसरली होती. पर्लने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, तोंडात थुंकी गोळा केली, आणि गिळली. मी धावत शेडमध्ये जाऊन सांगितलं. आई नुसतं "हं" म्हणाली, पण त्या संध्याकाळी ती दोन पोळ्या जास्त जेवली. जोआनचं मत होतं की हेही काही पुरेसं नाही. झोपायला शेजारी कोणीही चालतं, राखण वेगळी.

शनिवारी सकाळी पर्ल कळा द्यायला लागली. अल्पाका बहुतेक दिवसाउजेडीच वितात, ही त्यांची आणखी एक शहाणी सवय. जोआन फार्मच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीपलीकडे चाऱ्याचे गठ्ठे उतरवत होती. मी तिला फोन लावला आणि आईला बोलावलं. हे तरी बघच म्हटलं. आम्ही कुंपणापासून बऱ्याच लांब, झाडाखाली उभ्या राहिलो. बाळाचं नाक दिसत होतं, पुढचे दोन पाय दिसत होते. रिमू बाजूला बसून बघत होती.

तेवढ्यात ओढ्याकडून एक तपकिरी कुत्रा आला. गळ्यात पट्टा नाही, अंगाने दणकट. तो जाळीच्या बाहेरून कुठे शिरता येईल ते हुंगत चालला होता. पर्लच्या मैत्रिणींनी कर्कश किंचाळायला सुरुवात केली. पर्लला पळता येणार नव्हतं. मी रिमूला हाक मारायला तोंड उघडलं.

आईने माझा दंड गच्च धरला. "हाक मारू नकोस. ती आपल्याकडे येईल."

रिमू उठली. तिने आधी आमच्याकडे पाहिलं. लाल गमबूट तिला नक्की दिसले असणार. आई हलली नाही, तिने मान फिरवून डोंगराकडे बघायला सुरुवात केली. आणि रिमू वळली. पर्ल आणि तो कुत्रा यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि भुंकली. त्या पिल्लाच्या अंगात तो आवाज होता हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पलीकडून काउरीने साथ दिली, सगळा कळप त्याच्यामागे माना उंच करून उभा राहिला. रिमू एक पाऊलही पुढे धावली नाही. पर्लपाशी थांबून भुंकत राहिली. तपकिरी कुत्रा थबकला, दोनदा इकडेतिकडे झाला, आणि जोआनच्या चार चाकांच्या क्वाडबाइकचा आवाज ऐकून ओढ्यातून पसार झाला.

जोआन उतरेपर्यंत बाळ गवतावर होतं. बाळाला इथे क्रिया म्हणतात. हे ओलं, लांब पायांचं, चॉकलेटी ध्यान उभं राहायला धडपडत होतं, आणि रिमू हातभर अंतरावर ओढ्याकडे तोंड करून बसली होती. पर्लने तिला तिथे बसू दिलं. मी जोआनला सगळं सांगितलं. तिने टोपी काढली, घाम पुसला आणि खिशातून फोन काढून टिमारूच्या मैत्रिणीला सांगितलं की येऊ नकोस, द्यायला कुत्रा नाही. मग आईकडे वळून "किया ओरा, टीचर" म्हणाली, माओरीत आभार मानायचे ते असे, आणि तिला मिठी मारली. मी रडले. आई हसत होती, इतकी की तिला झाडाला टेकावं लागलं.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च जा, बाळं तेव्हाच होतात. सनस्क्रीन, गमबूट आणि गरम कपडे तिन्ही न्या, कारण एका दिवसात तिन्ही लागतात. जवळचं दुकान वीस मिनिटांवर आहे, भाजी जेराल्डीनला घ्या, डाळ-मसाले घरून न्या. काम खरं असतं, कंबर दुखते. आणि सांगितलेले नियम पाळा.

घरी येऊन आता महिना झाला. जोआन फोटो पाठवते. पर्लच्या बाळाचं वजन वाढतंय, आणखी चार बाळं झाली, दोन्ही पिल्लं आता एकत्र कळपात असतात आणि कळप विकायचा विषय संपला आहे. तिने व्हिडिओ कॉलवर रिमूला दाखवू का म्हणून विचारलं होतं. आईने नको म्हणून कळवलं, माझा आवाज तिच्या कानावर जायला नको म्हणाली. मला वाटलं होतं तिला ते जड जाईल. तसं काही दिसत नाही. उलट तिची मान ताठ झाली आहे.

परवा आम्ही रिकार्टनच्या भारतीय दुकानात पोहे घ्यायला गेलो. तिथे नेहमी भेटणाऱ्या, मुलाकडे राहायला आलेल्या एक काकू म्हणाल्या, मध्ये बरेच दिवस दिसला नाहीत, कुठे गेला होतात? मी तोंड उघडायच्या आत आईने पोह्याची पिशवी दुकानाच्या ढकलगाडीत ठेवली आणि सांगितलं,

"एका पोरीला नोकरीला लावायचं होतं. लावून आले."