नव्या भरतीचा मेजर

माझ्या धाकट्या साडूचा हेवा वाटत नाही असा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याची साडूशी अजून ओळख झालेली नसणार. माझी झाली आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा साताऱ्याकडचा. मिसरूड फुटायच्या वयात फौजेत गेला, हवालदार होऊन निवृत्त झाला, आणि घरी येऊन बॅग उघडतो न उघडतो तोच माजी सैनिकांसाठी राखलेल्या जागेवर दापोडीकडच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून चिकटला. हवालदार म्हणालो खरा, पण आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. त्यामुळे सरकारने त्याला जो हुद्दा कधीच दिला नाही, तो माझ्या सासुरवाडीने एका दुपारच्या जेवणात देऊन टाकला. मी इतकी वर्षं चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. मला तिथे 'स्टोअरवाले' म्हणतात आणि सासुरवाडीला 'थेरगावचे पाव्हणे'. तोंडावर मी साडूला अहो-जाहोच करतो. इथे मात्र एकेरीत लिहितो आहे, कारण तेवढंच माझ्या हातात आहे.

त्याच्या घराचा ओटा नव्याने बसवायचा होता तेव्हा तो सहकुटुंब आमच्याकडे थेरगावला राहिला. पहिल्या सकाळी उठून पाहतो तर हॉलमध्ये त्याच्या पांघरुणाची अशी घडी होती की गवंड्याने ओळंबा लावून तपासावी. बायकोने ती घडी मुलांना हाका मारून दाखवली. मी माझी चादर पायानेच कॉटखाली सारली. हा माणूस बनियनला इस्त्री करतो. रुमालाला करतो, लुंगीला करतो, आणि एकदा तर आमच्या मुलाच्या शाळेच्या टायला करताना मी त्याला स्वतः पाहिलं. त्याच्या बुटांना इतकी झळाळी असते की त्यात पाहून मी एकदा भांग पाडला आहे. भाजी आणायला डांगे चौकात पाठवला तर परत येऊन पिशवी ठेवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभा राहून सांगणार, "ताई, मेथी मिळाली. कोथिंबीर महाग होती, सोडून दिली. आलं आणलंय. चौकात गर्दी, पण मागचा रस्ता मोकळा." मागच्या रस्त्याचं माझ्या बायकोला काय करायचं होतं देव जाणे, पण ती म्हणाली, "बघा, कसं नीट सांगतात! नाहीतर तुम्ही. पिशवी टाकली की सोफ्यावर." त्या दिवसापासून आमच्या घरात पिशवी नुसती टाकायची सोय उरलेली नाही.

लग्नपत्रिकेत छापलेली वेळ खरी मानणारा हा मी पाहिलेला एकमेव मराठी माणूस. वाकडच्या एका कार्यालयात आमच्या चुलत मेव्हणीचं लग्न होतं. मेजर पोहोचला तेव्हा तिथे फक्त झाडणारी बाई आणि सतरंज्यांची चळत होती. दुसरा कोणी असता तर बाहेर जाऊन चहा प्यायला असता. याने झेंडूच्या माळांचा दोरा ताणून धरला आणि सगळ्या खुर्च्या त्या दोऱ्याच्या रेषेत लावल्या. आम्ही अक्षता टाकायला कसेबसे पोहोचलो, तर नवरीचे वडील भेटेल त्याला सांगत होते, "मेजर होते म्हणून कार्य पार पडलं!" आहेर माझा मोठा होता. त्याचा उल्लेख कोणी केला नाही. शिवाय त्याच्याकडे फौजी कॅन्टीनचं कार्ड आहे. त्यावर नातेवाइकांचे मिक्सर येतात, कुकर येतात, प्रवासाच्या बॅगा येतात आणि काही खास प्रसंगी कागदात गुंडाळलेलं आणखीही काही येतं. निम्मे चुलत सासरे त्याची तब्येत विचारतात तेव्हा त्यांची नजर त्याच्या पिशवीवर असते. माझी तब्येत मात्र बायकोचा बीपी मोजून झाल्यावर, मशीन बाहेर आहेच तर, या हिशेबाने विचारली जाते.

हे सगळं मी गिळलं असतं. पण तो माझ्या पाटावर आला, तिथे माझ्या पोटात खरं दुखायला लागलं. अधिक महिना आला की पुनावळ्याला सासऱ्यांच्या घरी जावयांना धोंड्याचं जेवण असतं. बंगल्यात डायनिंग टेबल आहे, पण त्या दिवशी माळ्यावरचे पाट खाली येतात, रांगोळी निघते, आणि सासूबाई पहिल्या पाटापासून ओवाळायला सुरुवात करतात. तो पहिला पाट माझा. मेजर सीमेवर होता तेव्हा आण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, मोतीबिंदू मी काढून आणला; सासूबाईंच्या गुडघ्यासाठी रजा मी टाकल्या; बोअरची मोटार जळली की पहिला फोन मला. मेजर सुट्टीवर यायचा, सगळ्यांबरोबर फोटो काढायचा आणि जायचा. त्या घरात मला मिळालेलं पद म्हणाल तर तो एक पाट. आणि यंदा अधिक महिना तोंडावर असताना आण्णा माझ्यासमोर सासूबाईंना म्हणाले, "औंदा मेजरला म्होरं बसवू. दोन-दोन पगार घेनारा जावई हाय आपला. एक पेन्शनीचा घरबसल्या येतोय, एक हापिसात बसून." माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर त्यांनी समजूत घातली, "तुमी काय पाव्हनं, घरचंच की!" घरच्याच माणसाला मागे बसवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे.

त्याच आठवड्यात मला आणखी एक मान मिळाला. पुनावळ्याची जमीन इमारतींखाली गेल्यावर आण्णांनी आत मावळात भातखाचरं घेतली आहेत. तिथला इंद्रायणी तांदूळ दर वर्षी मी स्वतः पोतं खांद्यावर मारून घरी नेतो. मेजरसाठी मात्र तो घरपोच जायचा होता, आणि पोचवणारा मी होतो. माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळीच गाडीवर पोतं बांधून निघालो आणि त्याच्या घराआधी त्याच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, दोन पगारांपैकी एक तरी डोळ्यांनी बघून येऊ.

मेजर अगदी दाराजवळच्या टेबलावर होता. जाणाऱ्या-येणाऱ्याचा धक्का लागतो, पंख्याचा वारा पोचत नाही, तिथे. फायली मात्र उंचीप्रमाणे रांगेत उभ्या होत्या आणि टाचण्यासुद्धा सगळ्या एका दिशेला तोंड करून होत्या. तो एका बोटाने टाइप करत होता. प्रत्येक अक्षरावर नेम धरायचा, मगच मारायचा. तेवढ्यात एक मुलगी आत आली, माझ्या मुलीपेक्षा फार तर चार-दोन वर्षांनी मोठी. मेजर खाडकन उभा राहिला.

"काका, बसा ना हो! रोज सांगते मी," ती संकोचून म्हणाली. मग मला म्हणाली, "मी सीनियर आहे ना त्यांना, म्हणून उठतात. मला इतकं ऑकवर्ड होतं!"

"सीनियर?" मी म्हणालो. "अहो, तुमचा जन्म झाला तेव्हा हे बंदूक घेऊन उभे होते."

"हो, पण इथे ते नाही ना धरत," ती म्हणाली. "पेन्शन त्यांचं त्यांना वेगळं मिळतं, त्याला हात लावत नाहीत. पण इथला पगार पहिल्या पायरीपासून. नवीन भरती होते तसा. मी त्यांच्या आधी लागले, म्हणून माझा एक इन्क्रिमेंट जास्त. काकांनी अर्जसुद्धा केला होता, पण नियमात नाही बसलं." एवढं बोलून ती बसली, आणि मगच मेजर बसला.

खोटं कशाला बोलू, मला आतून गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. म्हणजे दोन पगारांतला दुसरा पगार नवशिक्याचा होता तर! मी मोठ्या प्रेमाने मेजरला बाहेर चहाला नेलं. टपरीवर तो ग्लास धरूनसुद्धा ताठच उभा होता.

"माझा एक दोस्त बँकेत लागला," तो म्हणाला. "त्याचा फौजेतला शेवटचा पगार पुढं धरला. मी म्हटलं, आपलाबी धरतील. पण बँकेचं वेगळं, आमचं वेगळं. पैशाचं सोडा भाऊ, पेन्शन चालू हाय, भागतंय. पण ती वर्षं गेली कुठं? बर्फात उभा होतो ती. पोरगी झाली तवा घरी नव्हतो ती. यांच्या लेखी मी परवा जन्माला आलो." मग ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाला, "आण्णांना काही बोलू नका. त्यांना त्या दोन पगारांचं लई कौतुक आहे."

मी 'छे छे' म्हणालो आणि ती बातमी दिवाळीच्या फटाक्यासारखी जपून ठेवली. धोंड्याच्या दिवशी सगळे जमले की सहज, अगदी काळजीच्या सुरात विचारायचं, 'काय मेजर, मॅडम काय म्हणतात? पगाराची पहिली पायरी चढलात की नाही?' पुनावळ्याला जाताना गाडीवर हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलं की भुमकर चौकातला सिग्नल सुटलेला मला कळला नाही.

पाट मांडलेले होते. सासूबाई निरांजन घेऊन उभ्या होत्या, अनारशांचं ताट मागे तयार होतं. आण्णांनी पहिल्या पाटाकडे हात केला. "मेजर, या म्होरं. बसा." माझी बायको माझ्याकडे बघेना. मी घसा साफ केला, 'काय मेजर' इथपर्यंत आलोही, पण मेजरने माझ्या आधी तोंड उघडलं.

"आण्णा, मी शेवटी बसतो," तो म्हणाला. "ऑफिसात मी नवी भरती आहे. फौजेतली सर्व्हिस धरली न्हाई त्यांनी. दुसरा पगार म्हणता तो नव्या पोराचा आहे."

आण्णांनी पाटाकडे केलेला हात मागे घेतला. "आरं, पर इतकी वर्षं..."

"तिथं न्हाई धरली. इथं तरी धरतात का न्हाई?" मेजर म्हणाला. "तुमचा डोळा केला तवा मी कुठं होतो? आईंच्या गुडघ्याला कोण होतं? या घरात सर्व्हिस यांची आहे. मी इथंबी नवीनच."

आण्णांनी मला निरखून पाहिलं, विकत आणलेल्या बैलाचे दात नंतर तपासावेत तसं. मग म्हणाले, "व्हय. ते बी खरंच हाय. या पाव्हनं, बसा." सासूबाई निरांजन घेऊन केव्हाच माझ्याकडे वळल्या होत्या.

मला माझा पाट मिळाला, पण तो त्याच्या हातून मिळाला, याचा मला अजून राग आहे. बनियनची इस्त्री त्याची, कॅन्टीन त्याचं, खुर्च्यांची रांग त्याची. आयुष्यात एकदा मोठेपणा दाखवायची जागा आली, तर तिथेही हा वेळेच्या आधी पोहोचला. माझा फटाका खिशातच भिजला. सगळ्यांसमोर स्वतःची किंमत स्वतः उतरवून सांगायला काय लागतं मला ठाऊक नाही, कारण माझी नेहमी दुसऱ्यांनीच उतरवली आहे. त्याच्या दोन पगारांचा मला आता हेवा वाटत नाही. याचा मात्र वाटतो, आणि हा पेन्शनपर्यंत पुरेल असं दिसतं.

मी पहिल्या पाटापाशी गेलो. मेजर पार टोकाला, दाराजवळच्या पाटामागे, हात बाजूला घेऊन ताठ उभा होता.

"बसा की, मेजर," मी म्हणालो.

"आधी सीनियर," तो म्हणाला. मी त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. नव्हती.

चाकणला मी इतकी वर्षं आहे, या घरात त्याहून जास्त. मी आलो म्हणून कोणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. मी जरा सावकाशच बसलो.