अर्धा समुद्र उलटा

समुद्राच्या पाण्याचं तापमान हा माझ्या पीएचडीचा विषय आणि राहायला मी सांगलीत. लोक हसतात. एरवी मीही हसते, पण त्या आठवड्यात आलेख काढायच्या सॉफ्टवेअरनं मला पार जेरीस आणलं होतं.

दोन ठिकाणांहून आलेल्या फायली जोडून मी अरबी समुद्राचा उभा छेद काढला. डावीकडं सगळं ठीक: वर लाल, म्हणजे गरम पाणी, आणि खाली निळं, गार. उजवीकडं मात्र वर निळं आणि तळाला लाल! मी रंग बदलले. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. नवी आवृत्ती घेतली तर जुन्या फायली उघडेनात, म्हणून परत जुनी. चार दिवस गेले. चूक काय ते सांगेल तर शपथ. दर वेळी नुसतं ‘काम पूर्ण झाले’.

माझे आजोबा, आबा, तेव्हा माझ्याकडंच होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माण तालुक्यातून आलेले. काळा चष्मा लावून दिवसभर माझ्या मागं खुर्चीत.

“ह्ये लाल काय गं?”

“गरम पाणी.”

“आन् निळं?”

“गार. आबा, तिसऱ्यांदा सांगतेय.”

“मग ह्यो निम्मा दर्या उलटा टांगलाय की.”

“तुम्हाला नाही कळायचं ते. जरा गप बसा ना!”

आबा खालच्या आवाजात म्हणाले, “मुंबईला बोटीवर बुडी मारनाऱ्या पानबुड्यांची दोरी धरन्यात माजा जलम गेला. वर पानी कोमट असायचं, आन् खाली गेल्याला गडी कुडकुडत वर यायचा. येवढं कळतंय मला.” आणि उठून आत जाऊन पडले.

मी दोन्ही फायलींतले आकडे उघडून बघितले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एकीत खोली वरून खाली लिहिलेली, दुसरीत तळापासून वर. जोडताना सॉफ्टवेअरनं न विचारता दुसरीलाही पहिलीचीच खोली चिकटवली होती. मी दुसरी फाईल उलटी केली. लाल वर गेलं, निळं खाली. पाच मिनिटांचं काम! सॉफ्टवेअरवर चिडले, त्याहून जास्त स्वतःवर.

आत जाऊन म्हटलं, “आबा, तुमचंच बरोबर होतं. मी उगाच ओरडले.”

“व्हय,” ते भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, “लय वराडलीस.”

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मी सविस्तर कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: ही चूक नाही, ते असंच चालणं अपेक्षित आहे. मी लॅपटॉप मिटला आणि आबांचा डोळा दाखवायला त्यांना घेऊन दवाखान्यात गेले.